भावी शिक्षक म्हणून वर्गात तंत्रज्ञान वापरण्याबद्दल तुमचं मत काय?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की मुलं कंटाळतात, म्हणून व्हिडिओ आणि ॲप भरपूर वापरावेत असं तुम्हाला वाटतं. पण अनुभवी शिक्षक नाक मुरडतात, तेव्हा शिकाऊ शिक्षकांचं ऐकायचंय. मी शिकाऊच आहे. गणिताचे सरावपाठ चालू आहेत, त्यामुळे मत कच्चं धरून चाला.

आधी माझा एक फसलेला तास सांगते. आठवीचा वर्ग, घटक त्रिकोणाचे शिरोलंब, म्हणजे शिरोबिंदूतून समोरच्या बाजूवर टाकलेले लंब. मी जिओजेब्रावर जय्यत तयारी केली होती. (हे मोफत सॉफ्टवेअर मार्कुस होहेनवार्टर यांनी साल्झबर्ग विद्यापीठात शिकत असताना २००१ च्या सुमारास सुरू केलं. भूमितीसाठी मला अजूनही त्याच्याइतकं काही आवडत नाही.) पडद्यावर लघुकोन त्रिकोण, तिन्ही शिरोलंब आत एका बिंदूत मिळालेले. मी एक शिरोबिंदू माउसने धरून हळूहळू ओढत गेले. कोन नव्वद अंशांचा झाला तसा तो संपातबिंदू थेट काटकोनाच्या टोकावर जाऊन बसला. आणखी थोडं ओढलं आणि तो त्रिकोणाच्या बाहेर. "बाहेर पडला, बाहेर पडला!" असा एकच गलका. मी हवेत.

शेवटची पाच मिनिटं कोरे कागद वाटले: विशालकोन त्रिकोण काढा, तिन्ही शिरोलंब काढा. कागद गोळा करताना माझा चेहरा उतरत गेला. बहुतेकांनी तिन्ही रेषा त्रिकोणाच्या आत कोंबल्या होत्या. एकाचा कोन तर उघड्या डोळ्यांना साठ-पासष्टचा दिसत होता, पण त्यावर काटकोनाची खूण मात्र ठळक, पेन्सिल दोनदा फिरवून काढलेली.

पाठ निरीक्षण करणाऱ्या मॅडमनी वहीत फारसं काही लिहिलं नाही. बाहेर पडताना एवढंच विचारलं, "माउस कुणाच्या हातात होता?"

पुढच्या तासाला आधी कागद आणि गुण्या. गुण्या पायावर सरकवत नेला तर शिरोबिंदू गाठायच्या आत पाया संपतो, हे मुलांना हाताला जाणवलं. तेव्हा एका मुलीने विचारलं, "मॅडम, पाया पुढे वाढवला तर चालतो?" अख्खा घटक या प्रश्नात आहे, आणि माझ्या सुंदर पडद्यामुळे आदल्या तासाला तो कुणाला पडलाच नव्हता. मग चौघांत एक लॅपटॉप दिला आणि शिरोबिंदू त्यांनाच ओढू दिला. सॉफ्टवेअर तेच होतं.

तेव्हापासून साधनाबद्दल मी एकच गोष्ट बघते: यामुळे मुलांच्या डोक्यात काय चाललंय ते मला दिसतं का? नुसतं माझ्या डोक्यातलं त्यांना दाखवणारी साधनं ढिगाने आहेत. त्यात फळा मला सरस वाटतो, कारण आकृती काढताना माझा वेग आपोआप त्यांच्या वहीच्या वेगाइतका होतो. स्लाइडवर मी सुसाट सुटते.

या कसोटीला उतरलेलं एक साधन म्हणजे प्लिकर्सची कार्डं. प्रत्येक मुलाकडे छापलेलं एक चौकोनी कार्ड असतं. ते कुठल्या बाजूने वर धरलं यावरून अ, ब, क, ड ठरतं, आणि शिक्षकाने फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की सगळ्यांची उत्तरं जमा. मुलांच्या हातात कुठलंही यंत्र लागत नाही, आणि शेजाऱ्याचं उत्तर कार्ड बघून ओळखता येत नाही. "समजलं का?" विचारल्यावर एकसुरात "हो" म्हणणारा वर्ग इथे उघडा पडतो.

यातही खरी करामत कार्डाची नाही. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणारे एरिक मझूर १९९१ पासून असंच करत आले: संकल्पनेवर एक प्रश्न, प्रत्येकाचं स्वतंत्र मत, मग शेजाऱ्याशी वाद, मग पुन्हा मत. पुढे मतासाठी बटणांची यंत्रं आली. साधी कार्डं आणि ती यंत्रं यांची तुलना करणारा नॅथॅनिएल लॅस्री यांचा अभ्यास २००८ मध्ये आला. शिकण्यात लक्षणीय फरक आढळला नाही. शिक्षकाची मोजदाद वाचते, इतकंच. तेही काही कमी नाही म्हणा.

आता नाक मुरडणाऱ्यांबद्दल. त्यांच्या बाजूने इतिहास भक्कम आहे. चित्रपटांमुळे शाळेतली पुस्तकं लवकरच कालबाह्य होतील, असं एडिसन १९१३ मध्ये सांगून मोकळे झाले होते. पेरूमध्ये सरकारने मुलांना लाखो लॅपटॉप दिले. ३१९ प्राथमिक शाळांवरचा अभ्यास २०१२ मध्ये आला, तेव्हा गणित आणि भाषेच्या गुणांत वाढ दिसली नाही. मुलं यंत्र सराईतपणे वापरायला लागली, पण वर्गात शिकवलं जात होतं ते पूर्वीसारखंच. म्हणून मी त्या शिक्षकांना जुनाट म्हणणार नाही. त्यांनी धूळ खात पडलेली यंत्रं माझ्यापेक्षा जास्त पाहिली आहेत.

आणि कंटाळ्यावर व्हिडिओ हा उपाय मला पटत नाही. मुलं व्हिडिओ बघताना गप्प असतात, त्याला आपण लक्ष देणं समजतो.

एआयचं विचाराल तर पाठ टाचण करताना मी वापरते. एकदा एका चॅटबॉटने दिलेल्या उदाहरणांत ३, ४ आणि ८ सेंटिमीटर बाजूंचा त्रिकोण निघाला. मी ते उदाहरण तसंच वर्गात नेलं आणि कागदाच्या पट्ट्या कापायला लावल्या. आठची पट्टी खाली, दोन्ही टोकांना तीनची आणि चारची. पार आडव्या केल्या तरी मधे एक सेंटिमीटरची फट. "याने स्वतः करून बघितलं नसणार," एक जण म्हणाला.

घरच्या अभ्यासाचं काय करायचं, हे मात्र माझं अजून ठरत नाही. फोनवर फोटो काढला की पायऱ्यांसकट उत्तर येतं, आणि बंदी घालून ते घरात थांबणार नाही. सध्या मी मुलांना सांगते की चुकलेली पायरी खोडू नका, एक रेघ मारा आणि पुढे जा. गुण त्या रेघेलाही आहेत. निम्म्या वह्या अजून फारच स्वच्छ येतात.