घरचा सॉस पहिल्यांदा करताय ना, मग हे वाचा

हे बघ, सुरुवातीलाच दहा बाटल्या आणून ठेवू नकोस, कॉर्नफ्लोअर, व्हिनेगर, सोया सॉस, मध आणि लसूण एवढ्यावर निम्मं काम होतं. सॉस दाट करायचा तर कपभर पातळ सॉसला साधारण 1 टेबलस्पून कॉर्नफ्लोअर, पण ते आधी गार पाण्यात कालवायचं, मी पहिल्यांदा थेट उकळत्या सॉसमध्ये टाकलं आणि नुसत्या गुठळ्या, शेवटी गाळणीतून गाळून वाढलं. घातल्यावर मिनिटभर उकळू दे, नाहीतर कच्ची पिठूळ चव राहते. ग्लेझचं, म्हणजे भाजताना पदार्थावर लावायच्या चकचकीत गोडसर थराचं म्हणशील तर सोया सॉस, मध, थोडं व्हिनेगर मंद आचेवर आटवायचं, चमच्याच्या पाठीवर बोट फिरवून पाडलेली रेघ तशीच राहिली की गॅस बंद, गार झाल्यावर अजून घट्ट होतं ते. लावायचं मात्र शेवटच्या 5-10 मिनिटांत, साखर पटकन करपते. भाजण्याआधी पदार्थाला चोळायच्या कोरड्या मसाल्यात मीठ मिसळूच नको, वेगळंच बरं. आणि हो, तेलात कच्चा लसूण घालून बाटली ओट्यावर अजिबात ठेवायची नाही, बॉट्युलिझमचा, म्हणजे जिवावर बेतू शकणाऱ्या विषबाधेचा धोका असतो, फ्रीजमध्ये ठेव आणि 4 दिवसांत संपव.