कार्बन मापात बसला म्हणजे चालला असं नाही

कार्बन ब्रश म्हणजे मोटरच्या फिरत्या भागावर टेकून त्याला वीज पोचवणारा कार्बनचा तुकडा; कारागीर त्यालाच नुसतं ‘कार्बन’ म्हणतात. त्याबद्दल वाचकांनी विचारलेले काही निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं. लांबलचक प्रश्न थोडे आटोपते घेतले आहेत.

प्रश्न : माझं मिक्सर आणि हँड ग्राइंडर दुरुस्तीचं दुकान आहे. कार्बन मी मापावर घेतो. काही वर्षभर चालतात, काही पंधरा दिवसांत संपतात आणि आर्मेचरही (मोटरचा फिरणारा भाग) काळं करून जातात. एकदा अडचणीला गाडीच्या स्टार्टरचे तांबूस कार्बन घासून मिक्सरला घातले, तर आत नुसती दिवाळी! असं का होतं? (बार्शी)

माप जुळलं म्हणजे ब्रश होल्डरमध्ये बसला, एवढंच. तो कशाचा बनलाय हे मापावरून कळत नाही. तुमच्या तांबूस कार्बनमध्ये ग्राफाइटबरोबर तांब्याची भुकटी असते, आणि ती मुद्दाम घातलेली असते. स्टार्टरला बॅटरी १२ व्होल्टची, करंट मात्र शेकडो अँपिअर. काळ्या कार्बनच्या धन-ऋण जोडीत मिळून दोनेक व्होल्ट सहज पडतात. बारातले दोन तिथेच गेले तर थंडीच्या सकाळी इंजिन काय फिरणार? तांबं मिसळलं की हा ड्रॉप बराच खाली येतो.

मिक्सरचं गणित उलटं आहे. २३० व्होल्टमधले दोन गेल्याचं कुणाच्या लक्षातही येत नाही. पण ब्रश एका वेळी कम्युटेटरच्या, म्हणजे आर्मेचरवरच्या तांब्याच्या पट्ट्यांच्या गोल नळकांड्याच्या, दोन-तीन पट्ट्यांवर टेकलेला असतो, आणि त्या पट्ट्यांना जोडलेली कॉइल तेवढ्या क्षणापुरती ब्रशमधूनच शॉर्ट होते. त्या कॉइलमध्ये फिरणाऱ्या करंटला आवर घालतो तो ब्रशचा रोध. मोठ्या डीसी मोटरमध्ये मदतीला इंटरपोल, म्हणजे ठिणग्या आवरणारे छोटे जादा चुंबकीय पोल, असतात. मिक्सरच्या मोटरमध्ये ते नसतात, आणि वेग मिनिटाला पंधरा-वीस हजार फेऱ्यांच्या घरात. अशा ठिकाणी कमी रोधाचा तांबूस ब्रश घातलात तर ठिणग्यांची दिवाळी होणारच.

हे काही नवं ज्ञान नाही. डायनामोवर पूर्वी तांब्याच्या तारांचे जुडगे किंवा जाळी टेकवत. १८८५ मध्ये जॉर्ज फोर्ब्ज यांनी त्याऐवजी कार्बन वापरण्याचं पेटंट घेतलं. वीज वाहून नेण्यात कार्बन तांब्याच्या कितीतरी मागे, तरीही ठिणग्या त्यानेच आटोक्यात आणल्या. तेव्हा दुकानदाराने ‘जास्त करंट झेपतो’ म्हणून तांब्याचा ब्रश पुढे केला तर आधी मशीन कोणतं आहे ते बघा.

पंधरा दिवसांत संपणाऱ्या कार्बनच्या बाबतीत लगेच ब्रशला शिव्या घालू नका. स्प्रिंग तापून मऊ पडली आहे का, दोन पट्ट्यांमधला मायका (वीज अडवणारा अभ्रक) वर आलाय का, कम्युटेटर लंबगोल झालाय का, हे आधी तपासा. यातलं काही बिघडलेलं असेल तर भारीतला भारी कार्बनही टिकणार नाही.

प्रश्न : एमआयडीसीत छोटा गाळा आहे. कार्बन ब्रश तयार करण्याचा उद्योग सुरू करावा असं मनात आहे. पावडरपासून सुरुवात करावी की तयार ठोकळे आणून कापावेत? (सिन्नर)

ठोकळे आणून कापा, असंच मी सांगेन. का, ते कळायला ठोकळा कसा बनतो ते पाहू.

कच्चा माल म्हणजे पेट्रोलियम कोक, काजळी, नैसर्गिक किंवा कृत्रिम ग्राफाइट. ही भुकटी एकमेकांना धरून राहावी म्हणून कोळशाच्या डांबराचा पिच लागतो, काही ग्रेडना रेझिन. बेसनाच्या लाडवात तूप जसं गरम असतानाच कणाकणाला लागावं लागतं, तसा पिच गरम करून भुकटीत मळतात. गार झालेला गोळा पुन्हा दळायचा, चाळायचा आणि प्रेसखाली ठोकळा दाबायचा. मग तो हवेचा संपर्क तोडून, कोकच्या भुकटीत पुरून, हजार-बाराशे अंश सेल्सिअसपर्यंत भाजायचा. इथे घाई चालत नाही. पिचमधले वायू हळूहळू बाहेर पडायला हवेत, नाहीतर ठोकळा आतून चिरतो. म्हणून तापमान अगदी संथ वाढवतात आणि एका भट्टीला कित्येक दिवस, मोठ्या ठोकळ्यांना आठवडेही लागतात.

इतकं केल्यावर हाती येतो तो कडक कार्बन. इलेक्ट्रोग्राफाइट हवा असेल तर विजेच्या भट्टीत २५०० अंशांच्या वर न्यावा लागतो, तेव्हा कुठे कार्बनचे अणू ग्राफाइटच्या थरांमध्ये लागतात. एडवर्ड अ‍ॅचेसन यांनी या रीतीचं पेटंट १८९६ मध्ये घेतलं. आजही मोठ्या डीसी मोटरांचे ब्रश याच वाटेने येतात. या भट्टीचं विजेचं बिल छोट्या गाळ्याला पेलणारं नाही. शिवाय तापलेल्या पिचच्या वाफा कर्करोगाला कारण ठरतात, हे सिद्ध झालेलं आहे. त्यामुळे धूर ओढून घेण्याची पक्की व्यवस्था नसेल तर या कामाला हात लावू नये. तांबे-ग्राफाइटचा ब्रश त्या मानाने सोपा. भुकटी साच्यात दाबायची आणि तांबं वितळणार नाही एवढ्या तापमानाला, ऑक्सिजन टाळून, भाजायची. गाड्यांचे छोटे ब्रश असे थेट मापात दाबतात, शेपटीसुद्धा त्याच दाबात बसते. पण त्या धंद्यात भाव मिळतो तो लाखांच्या ऑर्डरीला.

ठोकळा कापणं हे काम कमी प्रतीचं आहे असं समजू नका. दाबताना कण एका बाजूला लोळतात, त्यामुळे ठोकळ्याचा रोध सगळ्या दिशांना सारखा नसतो. कम्युटेटरवर ब्रशच्या जाडीच्या दिशेने, म्हणजे पट्टी ते पट्टी, रोध जास्त हवा. ठोकळा आडवा कापला तर माप अचूक येईल, ब्रश मात्र वेगळाच निपजेल. पुरवठादाराकडून दाबाची दिशा खूण करून घ्या. कटिंग कोरडंच करा. ठोकळा सच्छिद्र असतो, तेल-पाणी पिऊन बसतो. धूळ ओढणारी यंत्रणा पहिल्या दिवसापासून लावा, कारण ही धूळ वीजवाहक असते. ती तुमच्याच मशीनच्या पॅनेलमध्ये शिरून शॉर्ट करते.

आता शेपटी, म्हणजे पिगटेल. माझ्या मते नव्या कारखानदाराची परीक्षा इथेच होते. कार्बनला भोक पाडून त्यात अतिशय बारीक तारांची विणलेली केबल ठेवायची आणि भोवती तांब्याची, चांगल्या कामात चांदी चढवलेली, भुकटी ठोकून बसवायची. सैल बसली तर करंट शेपटीऐवजी होल्डरच्या भिंतीतून आणि स्प्रिंगमधून जातो. मग स्प्रिंग जळते आणि नाव ‘कार्बन खराब’ असं होतं. प्रत्येक लॉटमधले काही ब्रश घेऊन शेपटी किती ओढीला निघते आणि शेपटी ते कार्बन रोध किती, हे मोजा. मापांसाठी आयईसी या आंतरराष्ट्रीय विद्युत मानक संस्थेचं आयईसी ६०१३६ आणि कार्बनच्या चाचण्यांसाठी आयईसी ६०४१३ ही मानकं जवळ ठेवा.

प्रश्न : जुन्या सेलमधली कार्बनची कांडी कानशीने घासून खेळण्याच्या किंवा पंपाच्या मोटरला घालतात, ते चालतं का? (वणी)

मोटर फिरते. पण ती कांडी सेलमधून करंट बाहेर आणण्यापुरती केलेली असते. सतत घासलं जाण्याचा विचार तिच्यात नसतो. सेलमधलं द्रावण झिरपू नये म्हणून तिच्या छिद्रांत मेण मुरवलेलं असतं, तेही तापलं की पाझरतं. मुलांच्या प्रयोगाला खुशाल वापरा. पंपाला वापरलीत तर वीस-तीस रुपये वाचवून कम्युटेटर घालवाल.

प्रश्न : साखर कारखान्यात डीसी मोटर आहे. ब्रशचा साठा कमी होता म्हणून निम्मे ब्रश आमच्या नेहमीच्या ग्रेडचे आणि निम्मे दुसऱ्या कंपनीचे ‘इक्विव्हॅलंट’ घातले. आठवड्यात काही ब्रशच्या शेपट्या निळ्या पडल्या, बाकीचे थंड. (कोल्हापूर जिल्हा)

एका मोटरवर दोन ग्रेड चालवू नयेत. एका आर्मवरचे, म्हणजे होल्डर बसवलेल्या एका दांड्यावरचे, सगळे ब्रश समांतर जोडलेले असतात. ज्याचा ड्रॉप थोडा कमी, तो जास्त करंट ओढतो. त्याने तो तापतो, आणि तापलेल्या कार्बनचा रोध आणखी उतरतो. म्हणजे जो आधीच जास्त ओढतोय त्याच्याच अंगावर आणखी ओझं. निळी शेपटी ही त्याचीच खूण. ‘इक्विव्हॅलंट’ याचा अर्थ कॅटलॉगमधले आकडे जवळपास जुळतात, एवढाच घ्या. कम्युटेटरवर तो कोणता थर बसवतो (या थराबद्दल पुढच्या प्रश्नात) ते कॅटलॉगमध्ये नसतं.

सगळा संच एका ग्रेडचा करा. मग स्प्रिंगबॅलन्सने प्रत्येक स्प्रिंगचा दाब मोजा. जमिनीवर बसवलेल्या मोटरला चौरस सेंटिमीटरला साधारण १८० ते २५० ग्रॅम हवा. तुमचा ब्रश २५ बाय ३२ मिलिमीटरचा असेल तर क्षेत्रफळ ८ चौरस सेंटिमीटर, म्हणजे दीड ते दोन किलो. आकडा नेमका किती यापेक्षा सगळ्यांचा सारखा आहे का, ते जास्त महत्त्वाचं. ग्रेड एकच असूनही एखाद्या स्प्रिंगचा दाब निम्मा असेल तर हाच खेळ पुन्हा होईल.

कारखान्यात रस स्वच्छ करायला गंधकाचा धूर वापरत असतील तर मोटरच्या हवेची वाट त्या बाजूने नाही ना, तेही बघा. गंधकाची वाफ कम्युटेटरवरचा थर बिघडवते. नव्या हंगामाआधी ते डक्ट तपासणं ग्रेड बदलण्यापेक्षा स्वस्त पडतं.

प्रश्न : मोटरवरचा लोड आम्ही निम्म्याहून कमी केला. वाटलं, कार्बन आता दुप्पट टिकतील. उलट लवकर झिजतायत, आणि कम्युटेटरवर बारीक रेघा पडल्यात. (चाकण)

लोड कमी झाला म्हणजे कार्बनला सुख, असं आपल्याला वाटतं; प्रत्यक्षात कमी करंट हा जास्त करंटइतकाच त्रासदायक असतो. चांगल्या चाललेल्या कम्युटेटरचा रंग तपकिरी, चॉकलेटी दिसतो. तो तांब्याचं ऑक्साइड, ग्राफाइट आणि ओलावा यांचा पातळ थर असतो, आणि ब्रश खरा घसरतो तो या थरावर. थर तयार व्हायला पुरेसा करंट आणि थोडी ऊब लागते. दोन्ही नसतील तर ब्रश उघड्या तांब्यावर घासतो, तांब्याचे कण उचलतो, आणि त्या कणांनीच रेघा ओढतो.

हिशेब करून बघा. समजा चार पोलची मोटर, चार आर्म, प्रत्येक आर्मवर ८ चौरस सेंटिमीटरचे चार ब्रश. धन बाजूचे दोन आर्म मिळून ६४ चौरस सेंटिमीटर. इलेक्ट्रोग्राफाइटला चौरस सेंटिमीटरला १० अँपिअर धरले तर ही रचना ६४० अँपिअरसाठी आहे. तुमचा प्रत्यक्ष करंट २०० असेल तर वाट्याला जेमतेम तीन येतात. प्रत्येक आर्मवरचे दोन ब्रश काढले की सहाच्या पुढे जाता. काढताना एकाच वाटेवरचे, चारही आर्मवरून सारखे काढा. मनाला येईल तिथले काढलेत तर एखाद्या वाटेवर फक्त धन किंवा फक्त ऋण ब्रश उरतील आणि कम्युटेटर असमान झिजेल. सुरुवातीचा धक्का किंवा अचानक येणारा लोड किती आहे, ते मात्र आधी मीटरवर बघा.

प्रश्न : मी लेहला नोकरीला आहे. आमच्याकडे स्लिपरिंगचा (पट्ट्यांऐवजी अखंड धातूच्या कड्यांवर ब्रश टेकतात तसा) जुना अल्टरनेटर आहे. पुण्यात असाच संच वर्षानुवर्षं चालताना पाहिलाय. इथे हिवाळ्यात ब्रशची नुसती पावडर होते. खोली तर आम्ही गरम ठेवतो. (मूळचे सासवड)

तुमच्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या महायुद्धात सापडलं. विमानं वीस हजार फुटांच्या वर जाऊ लागली तेव्हा जनरेटरचे ब्रश काही तासांत, कधी त्याहूनही लवकर, संपू लागले. तोवर ग्राफाइट मुळातच गुळगुळीत असतो असं सगळे धरून चालले होते. जनरल इलेक्ट्रिकमधल्या रॉबर्ट सॅव्हेज यांनी दाखवलं की तो गुळगुळीतपणा हवेतल्या वाफेच्या जोरावर असतो. वाफ काढून घेतली की ग्राफाइट घसरत नाही, घासतो, आणि भुकटी होते.

ब्रशला घनमीटरला साधारण ८ ते १५ ग्रॅम वाफ मानवते. २ ग्रॅमच्या खाली गेलं की झीज एकदम वाढते. उणे २० अंशांची हवा पूर्ण ओली असली तरी तिच्यात एक ग्रॅमच्या आसपासच वाफ मावते. ती हवा आत आणून हीटरने तापवली तरी त्यात पाणी वाढत नाही. म्हणून गरम खोलीचा इथे उपयोग नाही. खोलीत ओलावा सोडावा लागेल. दुसरा उपाय म्हणजे उंचीवरच्या हवेसाठी रसायन मुरवलेले ब्रश. मागवताना ‘कोरड्या, थंड हवेसाठी’ असं स्पष्ट लिहा, नुसता जुना पार्ट नंबर देऊ नका. डीसी एक्सायटेशनच्या (चुंबकासाठी डीसी करंट पुरवणाऱ्या) स्लिपरिंगवर धन आणि ऋण कडी वेगवेगळ्या वेगाने झिजतात, तेव्हा मेंटेनन्सच्या वेळी दोन्हींची पोलॅरिटी अदलाबदल करत चला.

प्रश्न : बंद मोटरच्या झाकणाला सिलिकॉन सीलंट लावल्यापासून कार्बन संपायला लागले. संबंध असू शकतो का? (मडगाव)

असू शकतो. सिलिकॉनच्या वाफा ठिणगीत जळून सिलिका होते, म्हणजे वाळूच. बंद मोटरमध्ये ती बाहेरही जात नाही. सीलंट खरवडून साधं गॅस्केट बसवा, कम्युटेटर पुसा, ब्रश बदला.

प्रश्न : नवे कार्बन बसवताना एमरी पेपर वापरू का? (जळगाव)

नको. एमरीचे कठीण कण ब्रशच्या तोंडात रुतून बसतात आणि कम्युटेटरला कोरत राहतात. काचपेपर घ्या. तो कम्युटेटरभोवती, खरखरीत बाजू ब्रशकडे ठेवून गुंडाळा, आणि मोटर ज्या दिशेने फिरते त्याच दिशेने ओढा. ब्रशचं तोंड कम्युटेटरच्या गोलाईत आलं की थांबा. शेवटचे दोन हात बारीक कागदाने. होल्डर आणि कम्युटेटरमध्ये दोनेक मिलिमीटर फट राहिली पाहिजे. मायका पट्ट्यांच्या खाली मिलिमीटरभर कापलेला असावा. झाल्यावर ब्लोअरने हवा मारू नका, भुकटी वाइंडिंगमध्ये जाते. व्हॅक्युमने ओढून घ्या.