फलक छापायला देण्याआधी

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

रमजान ईदच्या शुभेच्छा टाकल्यावर प्रभागाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तुला काय काय ऐकावं लागलं, ते वाचून फार वाईट वाटलं. पण यापुढे कुठल्याच सणाचं नाव न घेता नुसतं ‘सणासुदीच्या शुभेच्छा’ छापायचं, हा तुझ्या कार्यकर्त्यांचा तोडगा मला मुळीच पटला नाही. असल्या शुभेच्छा कुणाच्याच घरी पोचत नाहीत. गणपतीत गणपतीचं नाव घे, ईदला ईदचं, नाताळला नाताळचं. ज्यांनी तुला मत दिलं नाही, त्यांचीही तू नगरसेविका आहेस.

मात्र नाव घ्यायचं तर दिवस माहीत हवा. मी नगरपालिकेत नवा होतो तेव्हा फलकांचा मजकूर माझ्याकडे असे. दिवाळीचा जुना कागद समोर ठेवून मी ‘मोहरमच्या हार्दिक शुभेच्छा’ लिहून दिलं आणि पेंटरनं वर झेंडूचं तोरणही रंगवलं. संध्याकाळी कचेरीतले आमचे चाचा टेबलाशी आले. हळूच म्हणाले, “साहेब, तुमच्या घरी वर्षश्राद्ध असलं तर आम्ही शुभेच्छा देतो का?” इमाम हुसेन 680 साली करबल्यात शहीद झाले, त्यांच्या आठवणीचे हे दिवस, हे मला तेव्हा कळलं. मी स्वतः चढून फलक काढला. शिडी चाचांनी धरली होती.

तेव्हापासून मी आधी विचारतो. गुड फ्रायडेला शुभेच्छा नसतात. 6 डिसेंबरला बाबासाहेबांना अभिवादन करायचं असतं, शुभेच्छा द्यायच्या नसतात. पतेती हा पारशी वर्षाचा शेवटचा दिवस, झाल्या चुकांबद्दल पश्चात्तापाचा. नववर्षाच्या शुभेच्छा दुसऱ्या दिवशी, नवरोजला. आपण मराठी माणसं वर्षानुवर्षं ‘पतेतीच्या शुभेच्छा’ म्हणत आलो आणि पारशी मंडळी हसून ‘थँक यू’ म्हणत आली. दसऱ्यालाही नीट बघ. 1956 साली नागपुरात धम्मदीक्षा झाली ती अशोक विजयादशमीला. म्हणून त्या दिवशी तुझ्या प्रभागातल्या बौद्ध घरांत धम्मचक्र प्रवर्तन दिन असतो. त्याला वेगळी ओळ दे, दसऱ्याच्या ओळीखाली बारीक अक्षरात कोंबू नकोस.

आणखी एक गोष्ट मला फार दिवस खुपते आहे. दिवाळीच्या फलकावर आपण ‘तमाम नागरिकांना’ लिहितो आणि ईदच्या फलकावर ‘मुस्लीम बांधवांना’. म्हणजे दिवाळी गावाची आणि ईद फक्त त्यांची! लिहिणाऱ्याच्या मनात वाईट नसतं, पण वाचणाऱ्याला आपण पाहुणे आहोत असं वाटत राहतं. त्यात ‘बांधव’ म्हटलं की बायका गेल्याच. तू ‘सर्व नागरिकांना रमजान ईदच्या शुभेच्छा’ असं लिहून बघ. नाताळलाही ‘मेरी ख्रिसमस’ कशाला? वसईतले ख्रिस्ती लोक पिढ्यान्‌पिढ्या नाताळच म्हणतात. शब्द पोर्तुगीजांकडून आला, पण आता तो आपलाच आहे.

राहिले शिव्या देणारे. त्यांच्याशी ग्रुपवर वाद घालू नकोस आणि पोस्टही काढू नकोस. एकदा काढलीस की पुढल्या ईदला तुझा हात आपोआप अडखळेल. 2023 साली अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, 28 सप्टेंबरला आली होती. विसर्जनाला अडचण नको म्हणून मुंबईतल्या मुस्लीम संघटनांनी आपला जुलूस पुढे ढकलला आणि सरकारनंही सुट्टी 29 तारखेला दिली. पुन्हा असा योग आला तर अशा समजूतदारपणाचे आभार फलकावर मान, अगदी ठळक अक्षरात.

पुढचा मजकूर मला पाठवायची गरज नाही. ज्यांचा सण आहे त्यांच्यापैकी एका घरी जा, चहा घे आणि छापखान्यात देण्याआधी त्यांना तो वाचून दाखव.

तुझा,
काका