आजोबांच्या जुन्या फोटोवरून चित्र काढायचं आहे, कधी पेन्सिल धरलेली नाही. सुरुवात कशी करू?

नक्की करा! खानापूर-निपाणीकडच्या घराघरांत फेटेवाल्या आजोबांचा एखादा फोटो असतोच, आणि शिकायला तो उत्तम.

मूळ फोटोवर मात्र एकही रेघ मारू नका. खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून मोबाईलवर फोटो घ्या आणि चार बाय सहा इंचाची प्रिंट काढा. प्रिंटवर अर्ध्या इंचाचे चौकोन आखा, ड्रॉइंग पेपरवर एक इंचाचे, अगदी फिकट. चित्र आपोआप दुप्पट होतं: आठ बाय बारा. आता नाक, डोळे विसरा. कुठली रेघ चौकोनाची कड कुठे कापते तेवढंच बघा. अडलात की फोटो आणि कागद दोन्ही उलटे धरा.

छटांसाठी डोळे बारीक करून बघा, म्हणजे गडद आणि उजळ भाग वेगळे दिसतात. एचबी पेन्सिलने आखणी, मग टूबी, फोरबी या जास्त मऊ, गडद पेन्सिली. जुन्या स्टुडिओत चेहरा रिटच करून गुळगुळीत करायचे, त्यामुळे गालाची छटा सापडत नाही. म्हणून मी सांगेन, आधी फेटा करा. त्याच्या घड्यांत सावली स्पष्ट असते, हात बसतो. ग्रुप फोटोतला अंगठ्याएवढा चेहरा सध्या नकोच.

फोटोचा कंटाळा आला तर बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्ती या जुन्या जैन मंदिरात जा. तिथल्या छतावरचं दगडी कमळ बसून काढा. आणि चित्रकार रवी परांजपे यांची चित्रं जरूर बघा. ते मूळचे बेळगावचेच.