कोळशात लाकूड मिसळले तर हवा सुधारते का?

प्रश्न : माझा मुलगा पोलंडमध्ये क्राकूव्हला शिकतो. तिथे घरात कोळसा आणि लाकूड जाळायला बंदी आहे म्हणतात, तरी हिवाळ्यात तो मास्क लावून का फिरतो? (पुणे)

बंदी खरी आहे. ती 1 सप्टेंबर 2019 पासून लागू झाली आणि शोभेच्या फायरप्लेसमधले लाकूडही तिच्यातून सुटलेले नाही. शहरातला धूर त्यामुळे बराच घटला. पण क्राकूव्ह विस्तुला नदीच्या खोऱ्यात वसलेले असल्याने, वारा पडलेल्या रात्री जमिनीलगतच्या गार हवेवर उबदार हवेचे झाकण बसते आणि आसपासच्या गावांतल्या घरांचा धूर त्याखाली कोंडतो. त्या गावांच्या कड्याला तिथे ‘ओब्वाझानेक’ म्हणतात; हे मुळात कडबोळ्यासारख्या एका गोल पावाचे नाव आहे. शहराइतकी कडक बंदी या गावांत नाही.

प्रश्न : लाकूड तर नैसर्गिक. निम्मा कोळसा आणि निम्मे लाकूड जाळले, तर प्रदूषण निम्मे होईल ना? (सोलापूर)

गंधकाचा धूर कमी होईल, कारण लाकडात गंधक जवळजवळ नसतेच. सूक्ष्म कण आणि बेंझोपायरीनसारखी कर्करोगकारक द्रव्ये यांचा हिशेब मात्र असा सरळ नाही. सुक्या लाकडाच्या वजनाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग तापल्यावर वायुरूपात बाहेर पडतो आणि त्याला पुरेशी आच व हवा मिळाली नाही, तर तो न जळताच धुराड्यातून निसटतो. रसरशीत निखाऱ्यांवर ओला ओंडका टाकून पाहा : ज्वाळा बसते, पिवळट धूर उठतो आणि काही दिवसांनी धुराड्याच्या आत डांबरासारखा चिकट थर हाताला लागतो. अशा थंडावलेल्या शेगडीत शेजारचा कोळसाही अर्धवटच जळतो, म्हणजे दोन इंधनांचे दोष एकमेकांत भर घालतात. इंधन आधी रचून ते वरून पेटवले, तर बाहेर पडणारे वायू ज्वाळेतून जातात आणि धूर कमी होतो. पोलंडमध्ये ही पद्धत लोकांना मुद्दाम शिकवली गेली. माझ्या मते तो तात्पुरता उपाय आहे, शेगडी बदलण्याला पर्याय नव्हे.

प्रश्न : हवेतला धूर लाकडाचा की कोळशाचा, हे ओळखतात कसे? (ठाणे)

कार्बन-14 या किरणोत्सारी कार्बनवरून. त्याचे अर्धायुष्य (तो निम्मा उरायला लागणारा काळ) सुमारे 5,730 वर्षे असल्याने कोट्यवधी वर्षे जुन्या कोळशात तो उरलेला नसतो, तर आजच्या झाडात असतो. लाकडातले सेल्युलोज जळताना तयार होणारे लेव्होग्लुकोसान हीदेखील एक खूण आहे. मात्र लिग्नाइट या तपकिरी कोळशाच्या धुरातही ते सापडत असल्याने एकट्या त्यावर विसंबता येत नाही.

प्रश्न : मग औष्णिक वीज केंद्रांत कोळशाबरोबर पेलेट (काड दाबून केलेल्या कांड्या) जाळायला सरकार का सांगते? (चंद्रपूर)

तिथे कोळसा दळून भुकटी करतात, भट्टीचे तापमान हजार अंशांच्या वर असते, हवा मोजून सोडली जाते आणि राख ईएसपी या, विजेच्या भाराने धूळ खेचून घेणाऱ्या यंत्रणेत अडकते. त्यामुळे पाच-सात टक्के पेलेट तिथे नीट जळून जातात आणि शेतात पेटवले जाणारे काड तेवढे वाचते. यांतले घरच्या शेगडीत काहीच नसते.

प्रश्न : धूर निघून गेल्यावर शेगडी खोलीत घेतली तर चालेल का? (नाशिक)

बंद खोलीत अजिबात नको. लाल निखाऱ्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वासही नसतो, आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही.