अँटी-स्ट्रिपिंग टाकूनही खडी सुटली? डोस राहू दे, टाकी बघा

गोव्यातल्या पेडण्याच्या रस्त्याचं तुमचं वाचलं, अँटी-स्ट्रिपिंग केमिकल (डांबर दगडाला धरून ठेवणारं) टाकूनही पावसात खडी सुटली ते, आणि आमचा डिचोलीकडचा पॅच आठवला. हुबेहूब तेच. मे संपता संपता घातला, केमिकल टाकलेलं, आणि पहिल्या दोन पावसात खडी चण्याफुटाण्यासारखी रस्त्यावर. तुम्ही विचारताय डोस वाढवू का. माझं मत, नको. बिटुमेनच्या (म्हणजे डांबराच्या) साधारण ०.३-०.५ टक्क्याच्या वर ओतून सहसा चिकटपणा वाढत नाही, उलट डांबर मऊ पडू शकतं, पैसे जातात ते वेगळेच.

आमची चूक सांगतो. केमिकल सकाळीच टाकीत ओतलं, दुपारी प्लांटचा बर्नर बिघडला, मग वळवाचा पाऊस, असं करत टाकी चार दिवस १६० डिग्रीच्या आसपास तापत राहिली. अमाईनवाली (अँटी-स्ट्रिपिंगमधला नेहमीचा प्रकार) बरीचशी केमिकल्स अशी दिवसेंदिवस तापली की त्यांचा दम जातो. डांबर दिसायला तसंच काळंभोर, मिक्स झकास, कुणाला काय कळणार? पाचव्या दिवशी तेच घातलं. तेव्हा हे माहीत असतं तर लेयर उकरून परत घालायचा खर्च आमच्या बोडक्यावर बसला नसता.

आणि ते ऑफिस! नाव घेत नाही. खडी का सुटली ते तपासा म्हणून तीन हेलपाटे मारले, प्रत्येक वेळी तेच, केमिकलच्या ड्रमचं सर्टिफिकेट द्या, बिल द्या. मी म्हटलं साहेब, ड्रम चांगलाच होता हो, टाकीतल्या डांबराचं सॅम्पल तपासा. तर म्हणे तसा फॉर्मच नाही. चतुर्थी आली नि गेली, फाईल तिथेच.

आता मी काय करतो तर डोस त्याच दिवशी, लागेल तेवढ्याच डांबरात, आणि टाकीवर खडूने तारीख-वेळ. शिवाय लूज मिक्स (रोलरखाली न दाबलेलं) मूठभर घेऊन उकळत्या पाण्यात १० मिनिटं ठेवतो. दगड उघडा दिसला की त्या दिवशी पेव्हर (मिक्स पसरायचं मशीन) बंद, पात्रांव (मालक) कितीही ओरडू दे. ही काही लॅबची टेस्ट नव्हे, पण चहाच्या स्टोव्हवर होते.

खडी धुळकट असेल तर मात्र कुठलंच केमिकल कामाचं नाही, डांबर धुळीला चिकटतं, दगडाला नाही. पांढरट, सिलिकावाला दगड असेल तर फिलरमध्ये (मिक्समधल्या बारीक भुकटीत) चुना घाला, विरलेला, खडीच्या वजनाच्या साधारण २ टक्के. आणि कुणी वॉर्म मिक्सचं (कमी तापमानात मिक्स बनवायचं) केमिकल गळ्यात मारत असेल तर जपून, त्यात टेंपरेचर २०-३० डिग्रीने उतरवतात, आपल्याकडे मे महिन्यात खडीचा ढीग भिजलेला असला तर दगडातलं पाणी आतच राहतं आणि पुढे तेच डांबर सोडवतं. बाकी व्हीजी-३० (डांबराची एक ग्रेड) असेल तर १४० डिग्रीच्या खाली आलेला टिप्पर परत पाठवा, ते तुम्हाला ठाऊकच असेल.

मी केमिस्ट नाही, साइटवरचा माणूस. काही नवी केमिकल्स जास्त वेळ तग धरतात म्हणे, तेव्हा तुमच्या ड्रमबरोबर आलेला कागद वाचा. आणि आधी एवढं सांगा, केमिकल टाकीत पडल्यापासून रस्त्यावर यायला किती दिवस गेले?