बाटली रिकामी आली की आई विचारत नाही

मुलांच्या खाण्यापिण्याबद्दल मी पालकांना सल्ला देते. जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की माझ्याकडे एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी येतो. "मॅडम, साधं दूध समोर धरलं की तोंड फिरवतो. डब्याबरोबर सुगंधी दुधाची बाटली दिली तर चालेल ना?" कुडाळची आई असो, मालवणची असो, विचारताना आवाज खाली गेलेला असतो, जणू चोरी कबूल करतेय. यंदाच्या पावसाळ्यातही हा प्रश्न पुन्हापुन्हा आला, म्हणून एका घराची गोष्ट सांगते. आईची परवानगी घेतली आहे, नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

सोहम आठ वर्षांचा, तिसरीतला. वडील मासेमारीच्या बोटीवर, घरात आई आणि आजी. रोज चॉकलेटच्या दुधाच्या दोन बाटल्या, एक शाळेत आणि एक घरी आल्यावर. डबा मात्र नेला तसा परत. "तेवढं तरी पोटात जातं," आई म्हणाली.

मी तिला बाटली घेऊन यायला सांगितलं. २०० मिलीच्या त्या बाटलीवर वरून घातलेली साखर १६ ग्रॅम छापलेली होती. मी बशीत चार चमचे साखर काढून तिच्यासमोर ठेवली. या वयाच्या मुलाला दिवसाला साधारण १७०० कॅलरी लागतात. वरून घातलेल्या साखरेचा वाटा त्यात दहा टक्क्यांच्या आत असावा, पाच टक्क्यांच्या आत राहिला तर अधिक चांगलं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पाच टक्के म्हणजे जेमतेम २१ ग्रॅम. दोन बाटल्यांचे झाले ३२. आईचा चेहरा उतरला. तिने त्याच दिवशी दूध बंद केलं.

पुढचे सहा दिवस सोहमने डब्याचं झाकणही उघडलं नाही.

माझा हिशेब बरोबर होता, पण तो मी मुलाला भेटण्याआधीच मांडून बसले होते. मग सोहमला बोलावलं. तो जमिनीवर बसून होडी रंगवत होता.

"डबा आवडत नाही काय रे?"

"आवडतो. घावणे आवडतात."

"मग?"

"सुट्टी लगेच संपते. बाटली एका दमात संपते, मग खेळायला मिळतं."

एवढ्यावर थांबले असते, तर शाळेची सुट्टी लहान आहे असं लिहून मोकळी झाले असते. पण त्याचा खडू होडीच्या एकाच कोपऱ्यात फिरत राहिला होता. मी गप्प बसले. बऱ्याच वेळाने, वर न बघता, तो म्हणाला,

"आणि बाटली रिकामी आणली की आई विचारत नाही."

"काय विचारत नाही?"

"किती खाल्लंस."

इतकी वर्षं या खुर्चीत बसून मला एक गोष्ट पक्की कळली आहे. मूल खाण्यावर अडतं तेव्हा पुष्कळदा ते पदार्थाला नाही म्हणत नसतं, पदार्थाबरोबर येणाऱ्या नजरेला नाही म्हणत असतं. सोहमला चॉकलेटची चव आवडत होतीच. पण बाटली ही त्याची पावतीही होती. रिकामी बाटली दाखवली की सुटका. डब्याचं तसं नाही, तिथे किती घावणे उरले ते मोजलं जातं.

त्याला विचारूनच मी हे आईला सांगितलं. ती खूप वेळ पदराचं टोक पिळत बसली. मग म्हणाली, "बालवाडीत वजन केलं तेव्हा सगळ्या आयांसमोर मला विचारलं होतं, घरात पोराला खायला घालत नाही काय? तेव्हापासून तो दारात आला की आधी मी डबा उघडते. दप्तर नंतर."

पाच वर्षं ती त्या एका वाक्याचं उत्तर देत होती. मला या घराची किल्ली सापडली ती इथे.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. सुगंधी दूध विष नाही. साध्या दुधातली प्रथिनं आणि कॅल्शियम त्यातही असतं, वर साखर असते. गुजरातमध्ये आदिवासी भागातल्या शाळांत दूध संजीवनी योजनेतून तेच मुलांना देतात, आणि जिथे पोटाला कमी पडतं तिथे ते योग्यच आहे. पण ते जेवण नव्हे. शालेय पोषण आहारात प्राथमिकच्या मुलासाठी ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं धरली आहेत. एका बाटलीतून प्रथिनं त्याच्या निम्म्याच्या आसपास मिळतात, कॅलरी निम्म्याहूनही कमी. डब्याबरोबर दिलेली बाटली डब्यालाच बाहेर ढकलत असेल, तर तिची जागा चुकली.

सोहमच्या घरी आम्ही बाटली कायमची बंद केली नाही. ती आठवड्यातून दोनदा, संध्याकाळी, घरी, खाण्यासोबत. डब्यात हातात धरून पाच मिनिटांत संपेल असंच द्यायचं, खोबऱ्याची चटणी लावून गुंडाळलेला घावणा किंवा उकडलेलं अंडं. आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी केलेली वाटणी मला फार पटते. काय, कधी आणि कुठे हे मोठ्यांनी ठरवायचं. खायचं की नाही आणि किती, हे मुलाने.

दुधावाचून मूल खुरटेल ही भीती आजीने एका वाक्यात उडवली. "आमका खंय दूध गावायचा! पेज नि सुको बांगडो खाऊन वाढलंव." आपल्या किनाऱ्यावर नाचणी आहे, आणि १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. काट्यासकट चावून खाता येणारी बारीक मासळी आहे. दुधाने पोट गुडगुडणाऱ्या मुलाला दही-ताक बहुधा सोसतं. वजन मात्र काही महिने वाढतच नसेल किंवा उतरत असेल, तर माझ्याआधी बालरोगतज्ज्ञांकडे जा.

आईला मी एकच पथ्य दिलं होतं. दारात डब्याबद्दल एक शब्द नाही. पहिले पंधरा दिवस तिला ते फार जड गेलं. दिवाळीच्या सुट्टीआधी ती आली तेव्हा म्हणाली, डबा आता बहुतेक दिवशी अर्ध्याहून जास्त संपतो, कधी पुराच. उघडून बघायची सवय तिची अजून सुटलेली नाही, पण आता ती तो झोपल्यावर बघते.